इस्पितळांतील वृद्ध रोगी



चार वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचे काका त्या वेळीं ८१ वर्षांचे होते. गणिताचे शिक्षक म्हणून ३५ वर्षें काढून ते निवृत्त झाले होते. सकाळीं स्वतः जाऊन दूध आणावें, वर्तमानपत्रांतील शब्दकोडें शाईनें सोडवावें आणि संध्याकाळीं वाचनालयापर्यंत पायीं जाऊन यावें, असा त्यांचा क्रम असे. एके दिवशीं न्हाणीघरांत पाय घसरला आणि खुब्याचें हाड मोडलें. शहरांतील एका नांवाजलेल्या इस्पितळांत आम्हीं त्यांना नेलें. दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली, व ती उत्तम झाली. हाडाचा फोटो पाहून शल्यविशारदांना स्वतःलाच इतकें समाधान वाटलें कीं, तो त्यांनीं आम्हांला दोनदां दाखविला.

त्याच रात्रीं काका कोणाला ओळखीनात. आपण शाळेंत आहों, घंटा झाली तरी मुलें वर्गांत येत नाहींत, असें ते मोठ्यानें म्हणूं लागले. हातांत घातलेली सुई त्यांनीं ओढून काढली. मग त्यांचे हात पलंगाला बांधण्यांत आले व झोपेचें औषध देण्यांत आलें. पुढचा दिवस गुंगींत गेला आणि पुढची रात्र पुन्हां ओरडण्यांत गेली.

या अवधींत त्यांच्याकडे डॉक्टर थोडे का आले! हृदयाचे तज्ज्ञ आले, मूत्रपिंडाचे आले, मेंदूचे आले. प्रत्येकानें केसपेपरावर दोनचार ओळी लिहिल्या. पुढें त्या कागदांच्या नकला मला मिळाल्या, त्या मीं वाचून काढल्या. सल्ला अगदीं चोख होता. एकानें लिहिलें होतें, लघवीची नळी लौकर काढावी. दुसऱ्यानें लिहिलें होतें, झोपेची गोळी बंद करावी. तिसऱ्यानें लिहिलें होतें, रोग्यास दिवसांतून दोनदां खुर्चींत बसवावें. नळी आठव्या दिवशीं निघाली. गोळी घरीं येईपर्यंत चालू होती. खुर्ची खोलीच्या कोपऱ्यांत होती आणि तिच्यावर आम्ही आमच्या पिशव्या ठेवीत होतों. काकांचा चष्मा कपाटांत होता, आणि कानाचें यंत्र तर घरींच राहिलें होतें. हा दोष सर्वस्वी आमचा. काका घरीं आले ते दोन माणसांच्या आधारानें. वाचनालयाची पायरी ते पुन्हां चढले नाहींत.

रोग्यासाठीं काय करावयाचें हें त्या कागदांत होतें. कोणीं करावयाचें हें मात्र कोठेंच नव्हतें. मी डॉक्टर नव्हे. माझें आयुष्य संख्याशास्त्र शिकविण्यांत गेलें. परंतु त्या कागदांनीं मला स्वस्थ बसूं दिलें नाहीं. वृद्ध रोग्यांना सल्ला देण्यासाठीं इस्पितळांत तज्ज्ञांचीं खास पथकें असावींत, असा विचार परदेशांत गेलीं चाळीस वर्षें चालू आहे, आणि त्याची परीक्षा आंकड्यांनीं झालेली आहे, असें मला आढळून आलें. तें आंकड्यांचें काम माझ्या आटोक्यांतलें असल्यामुळें त्याविषयीं बोलण्याचें धाडस करतों.

प्रथम हें वेगळें शास्त्र हवेंच कशाला, असा प्रश्न येईल. म्हातारपण हा कांहीं रोग नव्हे. परंतु म्हाताऱ्या शरीराला रोग झाला, म्हणजे तो तरुण शरीरांतल्यासारखा बोलत नाहीं. फुप्फुसाचा दाह झालेला असतो, पण ताप येत नाहीं. हृदयविकाराचा झटका येऊन जातो आणि छातींत कळ येत नाहीं. आजोबा जेवेनासे झाले, आजी घरांतल्या घरांत पडली, काल नीट बोलणारें माणूस आज असंबद्ध बोलूं लागलें, एवढ्याच खुणेवरून रोग ओळखावा लागतो. शिवाय रोग एक नसतो. चार असतात, त्यांचीं औषधें दहा असतात, आणि त्या औषधांचेंहि आपसांत पटत नाहीं. बिछान्यांत पडून राहिल्यानें मांड्यांतली शक्ति किती झपाट्यानें जाते, हें ज्यानें पाहिलें नाहीं त्याला खरें वाटणार नाहीं. तरुण माणसाला आठवडाभराची विश्रांति मानवते. ऐंशीच्या घरांतल्या माणसाला तोच आठवडा कायमचा अंथरुणाला खिळवूं शकतो.

बर्नार्ड आयझॅक्स या ब्रिटिश वैद्यानें वार्धक्यांतील चार दुखण्यांना राक्षस म्हटलें आहे: हालचाल थांबणें, तोल जाऊन पडणें, मलमूत्रावरील ताबा सुटणें आणि बुद्धीचा गोंधळ उडणें. हे चारहि राक्षस कोणत्याहि एका तज्ज्ञाच्या वांट्याला येत नाहींत. हृदयाचा तज्ज्ञ हृदय पाहून जातो, हाडाचा हाड पाहून जातो. राक्षस पलंगाखालीं तसाच बसलेला असतो.

‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द न्यूयॉर्कच्या इग्नॅट्झ नाशर यांनीं १९०९ मध्यें बनविला. मी त्याला वृद्धवैद्यक म्हणेन. परंतु त्या शब्दाला हातपाय दिले ते मार्जरी वॉरन या इंग्रज बाईंनीं. लंडनजवळ आयझलवर्थ येथें वेस्ट मिडलसेक्स इस्पितळ आहे. १९३५ सालीं त्याला लागूनच असलेलें गरीबखान्याचें रुग्णालय त्याच्या ताब्यांत आलें, आणि तेथील ७१४ खाटांची जबाबदारी वॉरनबाईंवर पडली. त्या खाटांवर वर्षानुवर्षें पडून असलेलीं माणसें होतीं. रोगाचें निदान नाहीं, उपचार नाहींत, घरीं जाण्याची गोष्ट तर नाहींच. वॉरनबाईंनीं काय केलें? प्रत्येकाला तपासलें. एवढी साधी गोष्ट; पण ती पूर्वीं कोणीं केली नव्हती. कोण खरोखर असाध्य आहे, कोण केवळ पडून राहिल्यामुळें लुळा झाला आहे, कोणाच्या डोक्यांत बिघाड आहे, हें त्यांनीं निवडून वेगळें केलें. दालनांना नवा रंग दिला, प्रकाश वाढविला, माणसांना उठविलें, बसविलें, चालविलें. परिचारिका, व्यायामोपचार करणारे व समाजसेवक यांना त्यांनीं एका कामाला जुंपलें. कित्येक रोगी आपल्या घरीं परत गेले. १९४३ व १९४६ सालीं त्यांनीं आपला अनुभव लेखरूपानें वैद्यकीय नियतकालिकांत मांडला, आणि १९४७ मध्यें या विषयाला वाहिलेली वैद्यांची संस्था इंग्लंडांत निघाली. एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्या खाटा वॉरनबाईंच्या होत्या. त्यांना कोणाला सल्ला द्यावयाचा नव्हता. त्या हुकूम देत होत्या.

आतां अमेरिकेकडे वळूं. कॅलिफोर्नियांत सेपुल्वेडा येथें माजी सैनिकांचें इस्पितळ होतें. तेथील लॉरेन्स रुबेन्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वृद्ध रोग्यांसाठीं एक छोटा स्वतंत्र विभाग उघडला, आणि त्याचा उपयोग खरोखर होतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रोग्यांच्या नांवें जणूं चिठ्ठ्याच टाकल्या. ६३ रोगी नव्या विभागांत गेले, ६० नेहमींच्या व्यवस्थेंत राहिले. वर्ष संपलें तेव्हां पहिल्या गटांतले १५ दगावले होते आणि दुसऱ्या गटांतले २९. म्हणजे शेंकडा २३.८ विरुद्ध शेंकडा ४८.३. हा अहवाल १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. कोणतेंहि नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. केवळ नीट पाहणें, नीट ठरविणें आणि ठरविलेलें करणें. संख्याशास्त्राच्या माणसाला इतक्या लहान गटांवरून इतका मोठा फरक दिसला, म्हणजे थोडी शंका येते, ती मलाहि आली. पण या एका अहवालानें वैद्यकाच्या जगांत खळबळ उडाली, हें खरें.

पुढचा विचार साहजिक होता. वृद्धांसाठीं वेगळा विभाग काढणें खर्चाचें काम. आणि वृद्ध रोगी तर इस्पितळाच्या प्रत्येक दालनांत आहे. तेव्हां रोग्याला हलवूं नये, तज्ज्ञांना हलवावें. वृद्धवैद्यकाचा डॉक्टर, एक अनुभवी परिचारिका, एक समाजसेविका, असें पथक करावें. तें दालनोदालनीं जाऊन रोगी पाहील, काय करावें तें लिहून देईल, आणि मूळचे डॉक्टर तें अंमलांत आणतील. कागदावर याहून शहाणपणाची योजना कोणती असेल?

तिचीहि परीक्षा झाली, व ती मोठ्या प्रमाणावर झाली. डेव्हिड रूबेन व त्यांचे सहकारी यांनीं कॅलिफोर्नियांतीलच चार इस्पितळांत ६५ वर्षांवरील २,३५३ रोगी घेतले. कांहींना पथकाचा सल्ला मिळाला, कांहींना मिळाला नाहीं. १९९५ सालीं निकाल जाहीर झाला. वर्षाअखेर जिवंत असलेल्यांच्या प्रमाणांत फरक नाहीं. स्वतःचें स्वतः करण्याच्या शक्तींतहि फरक नाहीं. सेपुल्वेडाच्या आंकड्यांनीं ज्यांना आनंद झाला होता, त्यांना हा निकाल वाचून काय वाटलें असेल, याची कल्पना मी करूं शकतों.

असें कां व्हावें? मधल्या दहा वर्षांत नेहमींची व्यवस्थाच सुधारली होती, म्हणून फरक दिसला नाहीं, असें कांहीं जण म्हणतात. आणि त्यांत तथ्य असेल. परंतु याचें उत्तर दोन वर्षें आधींच छापून निघालेलें होतें, असें माझें मत आहे. आंद्रेआस श्टुक या स्विस वैद्यानें सहकाऱ्यांसह तोंवर झालेले २८ प्रयोग एकत्र तपासले व त्याचा निष्कर्ष १९९३ च्या ‘लॅन्सेट’मध्यें दिला. ज्या ठिकाणीं तपासणारांच्या हातीं आपल्या सूचना अंमलांत आणण्याची सत्ता होती, आणि जेथें रोगी घरीं गेल्यावरहि त्याच्यावर दीर्घकाळ लक्ष होतें, तेथें गुण येण्याचा संभव अधिक होता. २०११ सालीं २२ प्रयोगांतील १०,३१५ रोग्यांचा पुन्हां एकत्र विचार झाला. वृद्धांच्या खास विभागांतून बाहेर पडलेले रोगी जिवंत आणि आपल्या घरीं असण्याचा संभव अधिक, हें त्यांत स्पष्ट दिसलें; फिरत्या सल्लागार पथकांच्या प्रयोगांत मात्र तें दिसलें नाहीं.

मला येथें काकांचा केसपेपर आठवतो. आमच्याकडे तें पथकहि नव्हतें, सुटेसुटे तज्ज्ञ होते. पण रोगाचें मूळ तेंच. रोगी शल्यविशारदाच्या नांवें दाखल झालेला. बाहेरून आलेल्यानें लिहावें आणि जावें. शल्यविशारद सकाळीं जखम पाहतात, तेवढ्या घाईंत मागच्या पानावरचें कोण वाचतो? रात्रपाळीच्या नर्सबाईंना हुकूम लागतो, सल्ला चालत नाहीं. त्या बाईंना मी दोष देणार नाहीं. बावीस रोग्यांवर त्या दोघीजणी होत्या, आणि बांधलेला रोगी निदान पडत तरी नाहीं.

मग हीं पथकें निरुपयोगी समजावयाचीं काय? तसें मुळींच नाहीं. बोस्टन येथें एडवर्ड मार्कँटोनिओ यांनीं खुब्याचें हाड मोडलेल्या १२६ वृद्धांवर एक प्रयोग केला, तो २००१ सालीं प्रसिद्ध झाला. यांतील निम्म्या रोग्यांकडे वृद्धवैद्यकाचा डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वीं किंवा शस्त्रक्रियेनंतर चोवीस तासांच्या आंत गेला, आणि पुढें रोज जात राहिला. कोणीं बोलावण्याची त्यानें वाट पाहिली नाहीं. आणखी एक नियम त्यानें पाळला, तो मला फार आवडला: पहिल्या भेटींत पांचांहून अधिक सूचना करावयाच्या नाहींत, आणि पुढील भेटींत तिहींहून अधिक नाहींत. सूचना कसल्या? प्राणवायु पुरेसा आहे ना, पाणी पुरेसें जातें ना, वेदना शमल्या ना, नको तें औषध बंद केलें ना, शौचाला झालें ना, नळी काढली ना, उठून बसविलें ना, चष्मा डोळ्यांवर आहे ना. शंभरांत सुमारें ७७ सूचना पाळल्या गेल्या. ज्या भ्रमानें आमच्या काकांना घेरलें, ज्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, तो नेहमींच्या व्यवस्थेंत शेंकडा ५० रोग्यांना झाला आणि या व्यवस्थेंत शेंकडा ३२ रोग्यांना. याहि पथकाजवळ सत्ता नव्हतीच. पण तें वेळेवर गेलें, रोज गेलें, आणि थोडें बोललें.

फ्रान्सनें २००२ मध्यें सरकारी परिपत्रक काढून इस्पितळांत फिरतीं वृद्धवैद्यक पथकें नेमण्यास चालना दिली. बेल्जमनें २००७ च्या राजाज्ञेनें, ज्या इस्पितळांत वृद्धांचा विभाग आहे तेथें इतर दालनांसाठीं असें पथक असलेंच पाहिजे, असें ठरविलें. इंग्रजांनीं मात्र मुळाशीं हात घातला. हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गांवीं मायकेल डेव्हास हे शल्यविशारद व बॉबी अर्व्हिन हे वृद्धवैद्य यांनीं मिळून फार पूर्वींच हाडें मोडलेल्या वृद्धांची एकत्र शुश्रूषा सुरू केली होती. एकानें हाड सांभाळावें आणि दुसऱ्यानें माणूस. तीच कल्पना पुढें सरकारी हिशेबांत आली. २०१० पासून इंग्लंडांत असा नियम केला गेला कीं, खुबा मोडलेल्या वृद्धाची शस्त्रक्रिया ३६ तासांच्या आंत व्हावी, वृद्धवैद्यानें ७२ तासांच्या आंत त्याला पहावें, आणि रोगी दोघांच्याहि नांवें दाखल व्हावा. हें सारें झालें तर इस्पितळाला अधिक रक्कम मिळावी. दोघांच्याहि नांवें, या शब्दांत सगळें आलें. ज्याचें नांव खाटेवर आहे, त्याचा सल्ला हुकूम होतो.

आपल्या देशांत या शास्त्राची सुरुवात मद्रासला झाली. तेथील मेडिकल कॉलेजांत डॉ. व्ही. एस. नटराजन यांनीं १९७८ सालीं वृद्धांसाठीं बाह्यरुग्ण विभाग उघडला. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्यें निघाला. त्यांत जिल्हा रुग्णालयांत दहा खाटांचा विभाग आणि निवडक मोठ्या संस्थांत प्रादेशिक केंद्रें योजिलीं होतीं, मुंबईचें जे. जे. रुग्णालय त्यांपैकींच एक. २०११ च्या खानेसुमारींत साठीच्या वरचे लोक दहा कोटींहून अधिक भरले. एवढ्या लोकांपुढें या खाटा म्हणजे समुद्रांत दर्भाचें टोक. आणि आपणां मध्यमवर्गीयांचे वडील बहुधा खासगी इस्पितळांत जातात. तेथें प्रत्येक तज्ज्ञाची भेट बिलांत निराळी लागते. काकांच्या बिलांत अशा एकोणीस भेटी होत्या. त्या भेटींत जें ठरलें तें झालें कीं नाहीं, याचें कलम कोणत्याहि बिलांत मीं पाहिलेलें नाहीं.

परंतु आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे कीं, जी तिकडच्या पथकांना मुद्दाम निर्माण करावी लागली. येल विद्यापीठाच्या न्यू हेवन येथील इस्पितळांत शॅरन इनूये यांनीं सत्तरीच्या वरच्या ८५२ रोग्यांचा अभ्यास केला, तो १९९९ सालचा. निम्म्यांसाठीं शिकविलेले स्वयंसेवक नेमले होते. ते रोग्याला आजचा वार सांगत, चष्मा व कानाचें यंत्र देत, पाणी पाजीत, हात धरून चालवीत; आणि झोप येईना तर गोळीऐवजीं गरम दूध देऊन पाठ चोळीत. त्या गटांत भ्रम शेंकडा ९.९ रोग्यांना झाला, दुसऱ्यांत शेंकडा १५. येथें चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, सारख्या रोग्यांच्या जोड्या जुळविल्या होत्या, म्हणून मी या आंकड्यांना थोडें कमी वजन देतों. भ्रम एकदां जडल्यावर मात्र या उपायांनीं त्याची तीव्रता कमी झाली नाहीं. जें करावयाचें तें आधीं करावें लागतें. पण गरम दूध आणि पाठ चोळणें! आमच्या आजीला हें शिकविण्यासाठीं अमेरिकेहून कोणी यावयास नको होतें. आपल्या इस्पितळांत प्रत्येक खाटेशेजारीं घरचें एक माणूस बसलेलें असतें. त्याला औषधाच्या दुकानांत पाठवितात, बिल भरावयास पाठवितात. त्याला हीं कामें कोणीं नेमून देत नाहीं, एवढेंच.

एका परिचित शल्यविशारदांपाशीं मीं हें सारें बोललों. ते हंसले व म्हणाले, “एका रोग्याचे दोन धनी झाले, कीं भांडणें वाढतात.” मीं त्यांना विचारलें, “आज किती असतात?” ते कांहीं बोलले नाहींत, पण त्यांचा आक्षेप अगदींच पोकळ आहे, असेंहि मी म्हणणार नाहीं. दोघांचीं नांवें कागदावर आलीं आणि दोघांनींहि दुसऱ्यावर सोपविलें, असेंहि होऊं शकतें.

गेल्या वर्षीं आमच्या काकूंचाहि खुबा मोडला. वय ७९. या वेळीं आम्ही दुसऱ्या इस्पितळांत गेलों, आणि दाखल करतांनाच शल्यविशारदांना विचारलें कीं, शस्त्रक्रियेखेरीज बाकीचें कोण पाहणार, आणि त्यांचा शब्द रात्रीं चालेल काय? त्यांना प्रश्न रुचला नसावा. परंतु दुसऱ्या सकाळीं ते स्वतः एका प्रौढ डॉक्टरबाईंना घेऊन आले. बाईंबरोबर एक नर्स होती. बाईंनीं काकूंच्या घरच्या औषधांची पिशवी पलंगावर ओतली, सातांपैकीं तीन औषधें बाजूला काढलीं, आणि एका कागदावर पांच ओळी लिहून तो पलंगाच्या डोक्याशीं चिकटविला. प्रत्येक ओळीपुढें तें काम करणाराचें नांव होतें. दोन नांवें नर्सबाईंचीं, एक व्यायाम करविणाऱ्या मुलीचें, एक माझ्या चुलतबहिणीचें. पांचवी ओळ अशी होती: कानाच्या यंत्राचा सेल रोज सकाळीं पाहणें. तिच्यापुढें माझें नांव होतें.

दुसऱ्या रात्रीं काकू थोड्या बरळल्या. पहांटे शांत झाल्या. तिसऱ्या दिवशीं त्यांना उभें केलें. आतां त्या चौकटीची काठी धरून घरांत फिरतात, देवपूजा उभ्यानें करतात. जिना त्यांना उतरवत नाहीं. खालच्या मजल्यावर जागा मिळते का, तें आम्ही पाहत आहों.